कार्बन-कपात लक्ष्यांची चळवळ, उद्योगसंस्थांमधील

उद्योगसंस्थांनी आपल्या व्यवसायातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइड व इतर हरितगृह वायूंचे प्रमाण ठराविक मुदतीत ठराविक टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर बंधन स्वतःवर घालून घ्यावे, यासाठी पर्यावरणवादी संघटना, गुंतवणूकदारांचे गट व संशोधनसंस्था यांनी चालविलेली चळवळ. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिका व ब्रिटन या देशांत तिचा पाया घातला गेला आणि २०१५ नंतर ती जगभर पसरली. कायद्याची सक्ती नसताना केवळ मन वळवून, माहिती उघड करवून आणि भागधारकांच्या मतांच्या बळावर मोठ्या कंपन्यांचे वर्तन बदलता येते काय, हा या चळवळीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी : २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्झॉन व्हॉल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन खनिज तेल समुद्रात सांडले. त्याच वर्षी जोन बॅव्हेरिया यांच्या पुढाकाराने गुंतवणूकदार व पर्यावरणवादी यांची ‘सिरीझ’ ही आघाडी अमेरिकेत स्थापन झाली. तिने कंपन्यांपुढे दहा तत्त्वांची सनद ठेवली. पर्यावरणाची हानी ही गुंतवणुकीलाही धोका पोहोचविते, हा तिचा मुख्य युक्तिवाद होता. १९९४ मध्ये जनरल मोटर्सने ही तत्त्वे मान्य केली. १९९७ च्या क्योटो कराराने उत्सर्जन-कपातीचे दायित्व औद्योगिक राष्ट्रांवर टाकले. कंपन्यांवर मात्र प्रत्यक्ष बंधन आले नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न स्वयंसेवी संघटनांनी केला.

आरंभीची लक्ष्ये : मे १९९७ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमचे प्रमुख जॉन ब्राउन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील भाषणात हवामानबदलाचा धोका मान्य केला. पुढील वर्षी कंपनीने आपले उत्सर्जन २०१० पर्यंत १९९० च्या पातळीपेक्षा १० टक्क्यांनी खाली आणण्याचे ठरविले. ‘एन्व्हायरन्मेंटल डिफेन्स फंड’ या संघटनेच्या साहाय्याने कंपनीअंतर्गत उत्सर्जन-परवान्यांच्या व्यापाराची पद्धतही तिने सुरू केली. हे लक्ष्य मुदतीच्या कित्येक वर्षे आधीच, २००१ च्या अखेरीस, साध्य झाले. तथापि ते कंपनीच्या स्वतःच्या विहिरी व शुद्धीकरण कारखाने यांच्यापुरते मर्यादित होते. तिने विकलेले इंधन ग्राहकांनी जाळल्याने होणारे उत्सर्जन त्यात धरलेले नव्हते.

मोजमाप व प्रकटन : लक्ष्य ठरवावयाचे, तर प्रथम मोजणीचे सर्वमान्य नियम हवेत. ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ ही संशोधनसंस्था व उद्योगांचे एक आंतरराष्ट्रीय मंडळ यांनी मिळून २००१ मध्ये अशी नियमावली प्रसिद्ध केली. तीत उत्सर्जनाच्या तीन कक्षा कल्पिल्या आहेत : कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या व वाहने यांतून होणारे उत्सर्जन ही पहिली, विकत घेतलेल्या विजेमागील उत्सर्जन ही दुसरी, कच्च्या मालाच्या उत्पादनापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंतचे उर्वरित सर्व उत्सर्जन ही तिसरी. तेल कंपन्यांच्या बाबतीत बहुतांश भार तिसऱ्या कक्षेतच असतो. म्हणून पुढील बहुतेक वाद तिच्याभोवतीच फिरले. २००० मध्ये लंडन येथे ‘कार्बन डिस्क्लोझर प्रॉजेक्ट’ ही संस्था निघाली. २००२ मध्ये तिने ३५ गुंतवणूकसंस्थांच्या वतीने जगातील ५०० मोठ्या कंपन्यांना पहिली प्रश्नावली पाठविली. उत्तर न देणाऱ्या कंपनीचे मौनही गुंतवणूकदारांना दिसू लागले, हे या पद्धतीचे बळ होते.

विज्ञानाधिष्ठित लक्ष्ये : प्रत्येक कंपनी आपल्या सोयीचे आधारवर्ष व सोयीची टक्केवारी निवडीत असल्याने लक्ष्यांची तुलना करणे अवघड होते. यावर उपाय म्हणून वरील दोन संस्था, संयुक्त राष्ट्रांचा ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ आणि ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’ यांनी ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ हा संयुक्त उपक्रम हाती घेतला. पॅरिस कराराच्या (२०१५) तापमानमर्यादेशी लक्ष्य सुसंगत आहे की नाही, हे तो तपासतो. जागतिक तापमानवाढ १·५° से. वर रोखण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेने सुमारे ४५ टक्के घटले पाहिजे, असे २०१८ मध्ये आंतरशासकीय तज्ञमंडळाने दाखवून दिल्यावर हे निकष अधिक कडक झाले. २०२३ च्या अखेरीस मान्यताप्राप्त लक्ष्ये असलेल्या संस्थांची संख्या ४,००० वर गेली होती.

संघर्ष व पीछेहाट : काही संघटनांनी मन वळविण्यापलीकडचे मार्ग अवलंबिले. नेदर्लंड्समधील ‘फॉलो धिस’ या गटाने थोडे भाग विकत घेऊन २०१६ पासून शेल कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव मांडण्यास प्रारंभ केला. पहिल्या ठरावास तीन टक्क्यांहूनही कमी मते पडली. २०२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी ‘मिलियूडिफेन्सी’ या डच संघटनेच्या दाव्यात हेगच्या न्यायालयाने शेलला २०३० पर्यंत २०१९ च्या तुलनेने ४५ टक्के कपातीचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. उत्सर्जन घटविण्याचे कंपनीचे कर्तव्य त्याने मान्य केले. परंतु विशिष्ट टक्केवारी तिच्यावर लादण्यास नकार दिला. जानेवारी २०२४ मध्ये एक्झॉन-मोबिल कंपनीने ठराव मांडणाऱ्या भागधारकांवरच अमेरिकेत दावा लावला होता. ब्रिटिश पेट्रोलियमने २०२० मध्ये तेल व वायूचे उत्पादन २०३० पर्यंत ४० टक्क्यांनी घटविण्याचे जाहीर केले, २०२३ मध्ये हा आकडा २५ टक्क्यांवर आणला आणि २०२५ मध्ये उत्पादन वाढविण्याचे धोरण स्वीकारले. मान्यता देणारी संस्थाही वादातून सुटली नाही. तिसऱ्या कक्षेतील उत्सर्जनापोटी कार्बन-प्रमाणपत्रे ग्राह्य धरण्याचा विचार तिच्या विश्वस्तांनी एप्रिल २०२४ मध्ये मांडताच तिच्या कर्मचाऱ्यांनीच त्याला जाहीर विरोध केला.

भारतातील स्थिती : भारतात २०१८ मध्ये खोपोली येथील महिंद्र सान्यो स्पेशल स्टील ही विज्ञानाधिष्ठित लक्ष्याला मान्यता मिळालेली जगातील पहिली पोलाद कंपनी ठरली. मुंबईस्थित भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०२१ मध्ये नवा अहवाल-नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो भरणे अनिवार्य केले. अशा रीतीने स्वेच्छेने दिल्या जाणाऱ्या माहितीचा काही भाग कायद्याच्या कक्षेत आला. लक्ष्य ठरविणे मात्र त्यामुळे सक्तीचे झाले नाही.

मूल्यमापन : उत्सर्जन हे मोजावयाचे, लोकांपुढे मांडावयाचे व ज्याबद्दल जाब द्यावयाचा अशी बाब आहे, ही जाणीव उद्योगजगतात रुजविणे हे या चळवळीचे टिकाऊ कार्य होय. ज्या लक्ष्यांनी खर्च वाचला वा नावलौकिक वाढला, ती बहुधा पाळली गेली. ज्यांनी मुख्य व्यवसायालाच हात घातला, ती नफ्याचे गणित बदलताच मागे घेतली गेली. त्यामुळे स्वेच्छेचे लक्ष्य कायद्याची पूर्वतयारी करू शकते, परंतु त्याची जागा घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष या तीन दशकांहून अधिक काळच्या अनुभवातून निघतो.