स्वादुपिंडाचा कर्करोग : लक्षणे

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे असते. एवढ्या खोलवरची गाठ सहसा हाताला लागत नाही. तिचा माग इतर खुणांवरूनच काढावा लागतो.

त्यांतली सर्वांत बोलकी खूण कावीळ. निम्म्याहून अधिक गाठी स्वादुपिंडाच्या शीर्षभागात होतात आणि पित्तनलिका तिथूनच जाते. ती दाबली गेली की डोळे पिवळे पडतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगाला इतकी खाज सुटते की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ताप नसतो, पोटही फारसे दुखत नाही, म्हणून घरात ‘साधी कावीळ’ ठरते. महाराष्ट्रात आजही कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालतात, नाकात औषध सोडतात. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. नलिका दाबल्याने झालेली कावीळ मात्र वाढतच जाते. यात जाणारे आठवडे फार मोलाचे असतात, कारण शस्त्रक्रियेजोगी गाठ बहुधा याच रुग्णांत सापडते. कावीळ असताना पित्ताशय फुगलेले पण न दुखणारे हाताला लागले, तर कारण पित्ताचे खडे असण्याचा संभव कमी, असे स्विस शल्यविशारद लुडविग कूर्व्हाजिए यांनी 1890 मध्ये नोंदवले. खड्यांमुळे पित्ताशय बहुधा आक्रसलेले असते. याला अपवाद आहेत.

मधल्या व पुच्छभागातील गाठींत कावीळ क्वचितच होते. वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ उताणे झोपल्यावर वाढते, पुढे वाकून बसल्यावर थोडी निवते. रुग्ण बरेचदा ती अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या घेत राहतो. भूक मरते, वजन उतरते, शौच तेलकट होते.

पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही घटत असेल, तर स्वादुपिंडाकडे पाहणे आवश्यक. मात्र घाबरून जाऊ नये : या वयातील नव्या मधुमेहींपैकी सुमारे 1 टक्का लोकांतच तीन वर्षांत हा कर्करोग आढळतो.

शिरांत रक्ताच्या गुठळ्या : त्यांचा कर्करोगाशी असलेला संबंध पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये मांडला. 1867 मध्ये तीच खूण त्यांना स्वतःच्या हातावर दिसली आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांचा कर्करोग जठराचा की स्वादुपिंडाचा, याबद्दल एकमत नाही.



तपासण्या : आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड अनेकदा झाकले जाते, संशय असल्यास सीटी स्कॅन करतात. या कर्करोगाचा निर्देशक मानले जाणारे रक्तातील ‘सीए 19-9’ नुसत्या काविळीनेही वाढते.