नागली परत आली, जातं परत नको

आजच्या भाषणाचा विषय आहे नागली. कोणी तिला नाचणी म्हणतं, पण आपल्या वणीच्या बाजारात मापानं मागताना तोंडी नाव येतं ते नागलीच. ही नागली आपल्या ताटात कुठून आली, मधली चाळीस-पन्नास वर्षं ती ताटातून का सरकली, आणि आता सगळे तिचं कौतुक करत असताना आपण बायांनी कोणती गोष्ट ध्यानात ठेवायची, एवढं आज आम्ही सांगणार आहोत. शेवटी दोन-तीन पदार्थही आहेत, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

वणी हे दोन मुलखांच्या मधलं गाव. एका अंगाला दिंडोरी-पिंपळगावकडची काळी जमीन, द्राक्षांचे मांडव, टोमॅटो आणि कांदा. दुसऱ्या अंगाला सप्तशृंगीचा गड, आणि त्याच्या मागे सुरगाणा, पेठ, कळवणचा डोंगर. खालच्या अंगाला बाजरी, ज्वारी आणि गहू. वरच्या अंगाला नागली, वरई, उडीद, हुलगे आणि खुरासणी. वणीत ही दोन्ही धान्यं एकमेकींना भेटतात, म्हणून हा इतिहास सांगायला वणी हीच बरी जागा.

आता एक गंमत ऐका. नागली आपल्याला डोंगराएवढी जुनी वाटते, पण तिचं माहेर आहे पूर्व आफ्रिकेत, इथिओपिया आणि युगांडाच्या उंच पठारांवर. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. आणि ज्या खुरासणीची चटणी आपण नागलीच्या भाकरीवर ठेवतो, ती खुरासणीसुद्धा इथिओपियाचीच. तिथे आजही तिचं तेल काढतात. म्हणजे भाकरी आणि चटणी या दोघी एकाच माहेरच्या, आणि सुरगाण्याच्या उतारावर पुन्हा शेजारी नांदायला आल्या. त्या चटणीतली मिरची आणि कुटातले शेंगदाणे मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आले. कोणतं अन्न ‘आपलं’ हे ठरतं ते ते किती पिढ्यांनी रांधलं यावरून.

डोंगरउतारावर नागली पिकवणं सोपं नव्हतं आणि आजही नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यावर रोप टाकायचं, पाऊस लागला की चिखलात वाकून आवणी करायची, मग निंदणी, कणसं खुडणं, झोडपणं, पाखडणं. यातलं बहुतेक काम बायांचं. कोकणा समाजात धान्याला कणसरी म्हणतात, ती देवी आहे. धान्याला देवी मानणाऱ्या घरात दाणा पायाखाली येऊ देत नाहीत, आणि कोंडाही वाया जाऊ देत नाहीत.

कोंड्यावरून जगाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९० च्या सुमाराला जावा बेटावर बेरीबेरी नावाच्या रोगानं माणसं हैराण झाली होती. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं. ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर तिथे याचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडल्या, आणि काही महिन्यांनी एकाएकी बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढराशुभ्र भात घालत होते. नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला त्यानं नकार दिला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उठून उभ्या राहिल्या. यंत्रानं घासून काढलेल्या कोंड्यातच जीव होता. पुढे त्या द्रव्यांना जीवनसत्त्व हे नाव मिळालं, आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

नागलीच्या बाबतीत हा धोका कधी फारसा आलाच नाही. तिचा दाणा मोहरीएवढा, आणि साल आतल्या पिठाला घट्ट चिकटलेलं. तांदळासारखी तिला पॉलिश करणं जमत नाही, म्हणून नागलीचं पीठ म्हटलं की ते कोंड्यासकटच आलं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गव्हाच्या पिठात ३० च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. वरईचं मात्र उलटं झालं. डोंगरावर वरई म्हणजे रोजचा भात. तीच गिरणीतून साफ होऊन, पांढरी होऊन ‘भगर’ झाली आणि शहरात उपासाच्या दिवशी खायची वस्तू बनली. नवरात्रात गडाच्या वाटेवर हजारो माणसं भगर खातात, पण ती एखाद्याच्या रोजच्या जेवणातला भात आहे, हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

आपल्या महाराष्ट्रातही हा कोंड्याचा विचार झाला होता. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा आग्रह धरला गेला, जाती आणि घाण्या सुधारण्याचे प्रयोग झाले. पांढरा तांदूळ आणि मैदा गावाचं आरोग्यही नेतात आणि रोजगारही नेतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोग्याबद्दल ते बरोबरच होते. पण त्या जात्याचा खुंटा कोणाच्या हातात होता, हे आपल्याला विचारायला हवं.

पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, घरातल्या दहा-बारा माणसांचं दळण ओढायचं, मग पाणी, मग चूल, मग शेत. बाळंतीण असो की ताप असो, दळण चुकत नसे. त्या अंधारात बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, सासुरवास आहे, आणि दुखणारे हातही आहेत. ओव्यांचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं. पण एवढ्या ओव्या झाल्या त्याचं एक कारण म्हणजे दळायला लागलेले तास.

म्हणून गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जात्यासाठी अश्रू गाळले नाहीत. डोक्यावर डबा घेऊन त्या गिरणीच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि पहाटेची एक झोप त्यांना मिळाली. आम्ही म्हणतो, ही आपल्या इतिहासातली मोठी सुटका होती. पण गिरणीच्या मागोमाग आणखी दोन गोष्टी आल्या.

पहिली गोष्ट रेशन. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचा गहू करारानं भारतात येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली, कामावर सुकडी खाल्ली, आणि दुकानातून मिलो नावाची लाल ज्वारी आणली. ती ज्वारी अमेरिकेत मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकवत, पण आपल्याकडे तिनं माणसं जगवली, हेही खरं. पुढे रेशन म्हणजे गहू आणि तांदूळ हेच पक्कं झालं. दुकानात स्वस्त तांदूळ मिळत असताना उतारावर वाकून नागली कोण लावणार? डोंगरातल्या घरांनी हिशोब केला, तो चुकीचा नव्हता.

दुसरी गोष्ट लाज. नागलीची भाकरी काळपट, चपाती पांढरी. पाहुणे आले की चपाती, शाळेच्या डब्यात चपाती, लग्नात पुरी. काळी भाकरी म्हणजे गरिबी, असं पोरांना वाटू लागलं. सरकारी भाषेतही या धान्यांना ‘भरड धान्य’ म्हणत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दर ठरले ते बघा: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, आणि भरड धान्य १ रुपया. नावातही उतरंड, दरातही उतरंड.

मग वारं फिरलं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं याच धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्य’ हे नाव दिलं. नागलीचा हमीभाव २०१७-१८ मध्ये क्विंटलला १,९०० रुपये होता, तो पुढच्या हंगामात २,८९७ झाला, आणि २०२४-२५ मध्ये ४,२९०. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, आणि त्याच वर्षी आपल्या अर्थसंकल्पात त्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं गेलं. दाणा तोच, नाव मात्र भरडपासून श्रीपर्यंत गेलं. आता नागलीची बिस्किटं शहरातल्या दुकानांत चकचकीत पाकिटात दिसतात. हमीभावाचा उपयोग मात्र तेव्हाच, जेव्हा खरेदी जवळपास होते आणि पैसे वेळेवर मिळतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आजकाल जो तो सांगतो, घरचं खा, कोंड्यासकट खा, मैदा सोडा, साखर सोडा. सल्ला चांगलाच आहे. पण तो पाळायचा म्हणजे भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भाजणं, दळणं आणि थापणं आलं. हे सगळं दिवसभर द्राक्षबागेत डिपिंग-थिनिंग करून आलेल्या बाईवरच पडणार असेल, तर पूर्वीचं जातं फक्त नवं नाव घेऊन घरात आलं असं समजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. पौष्टिक लाडू वळणारी बाई स्वतः मात्र शेवटी उरलंसुरलं खाते, हे घराघरांत चालतं. ज्यानं कणसरीला देवी मानलं, त्यानं तिला रांधणारीच्या ताटातही पहिली भाकरी वाढावी, एवढीच आमची मागणी आहे.

म्हणून आम्ही जे करतो ते सांगतो. पाच-सहा घरांची नागली एकदमच भिजवतो आणि वाळवतो, म्हणजे महिन्यातून एकदाच खटाटोप. दळण गिरणीत, आणि डबा नेण्या-आणण्याचं काम घरातल्या मुलांचं, मुलगा असो की मुलगी.

मोडाचं पीठ असं करा. नागली तीन-चार पाण्यांत धुऊन रात्रभर भिजवा. ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस ठेवा, बारीक मोड येतील. सावलीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा आणि दळून आणा. मोड आल्यानं तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. सोबत लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा टाळा. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र यासाठी बंद करू नका.

लाडवासाठी दोन वाट्या हे पीठ, एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, सव्वा वाटी चिरलेला गूळ आणि आठ-दहा बिया काढलेले खजूर घ्या. सगळं मिक्सरमधून फिरवा. शेंगदाण्या-तिळाचं तेल सुटतं आणि तुपाशिवाय लाडू वळले जातात.

आणि थंडीत हुलग्याचे शेंगोळे विसरू नका. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घाला, घट्ट मळा, बोटाएवढे वळा आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवा. भाकरी थापायचा कंटाळा आला त्या दिवशी ताटलीभर शेंगोळ्यांत सगळ्यांचं जेवण होतं.

तुमच्या सासूबाईंना, आजीला आज एवढंच विचारा: तुमच्या घरी नागली शेवटची कधी लावली आणि का सोडली? उत्तर आम्हाला लिहून कळवा. कोणत्याही पुस्तकात न छापलेला हा इतिहास त्या बायांनाच माहीत आहे, आणि त्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.