मैलांचं मीटर

मराठीत अजूनही ‘मैलाचा दगड’च असतो. कुणाच्या आयुष्यात किलोमीटरचा दगड आल्याचं ऐकिवात नाही. रस्त्यावरून मैल जाऊन मात्र साठ वर्षं होत आली. वजनमापांचा कायदा १९५६चा. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८पासून दशमान मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर जाऊन किलो आला, गज जाऊन मीटर आला, आणि रस्त्याकडेचे दगडही हळूहळू बदलले.

पुण्यामुंबईच्या माणसाला हा बदल एकदाच सोसावा लागला. आमच्याकडे त्याआधीच बरंच काही उलथंपालथं झालं होतं. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात होतं. खिशात हाली सिक्का, ज्याचे सात रुपये दिले की हिंदुस्थानचे सहा मिळायचे. महसुली कागदांवर फसली सन, कचेरीत उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे १९३५ साली नांदेडात जन्मलेल्या माणसाने पंचविशीपर्यंत राज्य तीनदा बदललेलं पाहिलं, नाणं दोनदा, कचेरीची भाषा एकदा, आणि हे सगळं पचायच्या आत त्याला सांगण्यात आलं की आता मैलसुद्धा विसर.

हा माणूस म्हणजे माझे आजोबा. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे मैल विसरणं त्यांना इतरांपेक्षा जास्त जाचलं असणार. रस्ता मोजणं हेच त्यांचं काम होतं. १९६४ साली त्यांनी हैदराबादच्या एका ठेकेदाराकडून जुनी बुलेट घेतली. खात्याचं अंतर तेव्हा किलोमीटरमध्ये चाललेलं, पण गाडीचं मीटर मैलांचं. पुढची एकोणतीस वर्षं त्यांनी मैलांच्या मीटरवर किलोमीटरच्या राज्यात नोकरी केली.

ती गाडी मी दुरुस्त करायला काढली तेव्हा इंजिन, टाकी, शॉकअप यावर सल्ला द्यायला नांदेडात हवी तितकी माणसं होती. बुलेट म्हटलं की इथे प्रत्येकाला मत असतं. मीटरच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. फेकून द्या, नवं बसवा, काय मिळतंय त्यात?

त्यांचंही बरोबर होतं. आज दुकानात मिळणारी बुलेटची मीटरं आणि हे मीटर यांत, दोन्हींना काटा आहे याखेरीज फारसं साम्य नाही. नेहमीच्या मीटरचं तत्त्व स्ट्रासबर्गच्या ओट्टो शुल्झे यांनी १९०२ साली पेटंट केलं. चाकाकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, आणि फिरत्या चुंबकामुळे वाटीत उमटलेले विद्युतप्रवाह तिला स्पर्श न होताच ओढत नेतात. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्वस्त, साधं, आणि शंभर वर्षं टिकलेलं. राजदूत, येझदी, आपल्या वडलांच्या पिढीच्या सगळ्या गाड्या यावरच चालल्या. सत्तरच्या दशकात कोईमतूरला प्रिकॉल उभी राहिली आणि अशी मीटरं देशातच भरपूर बनू लागली.

आजोबांची बुलेट त्याआधीची. भारतीय लष्कराने पन्नाशीच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डकडून ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या, त्यातून १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली. सुरुवातीला सुटे भाग रेडिचहून यायचे आणि इथे जोडले जायचे, मग एकेक भाग इथेच बनू लागला. ही गाडी त्या अधल्यामधल्या काळातली, १९५९ची. हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेलं तिचं मीटर इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीचं, आणि ते चुंबकावर चालत नाही. ते घड्याळ आहे.

हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. आत खरोखरच घड्याळासारखा बॅलन्स आहे, हेअरस्प्रिंग आहे, एस्केपमेंट आहे. केबलची ताकद दोन वाटांनी जाते. एका वाटेने ती हे घड्याळ चालवते, आणि घड्याळाचं काम म्हणजे वेळेचे एकसारखे तुकडे पाडणं. दुसऱ्या वाटेने ती एक दातेरी चाक फिरवते. प्रत्येक तुकड्यात ते चाक केबलला जोडलं जातं, तेवढ्या वेळात जितकं फिरेल तितकं फिरतं, सुटतं, फिरलेला कोन काट्याला देतं आणि शून्यावर परततं. मग पुन्हा. त्यामुळे काटा सरकत जात नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि मधे ठाम उभा राहतो. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हे लगेच कळतं. ठरावीक वेळाने मोजा, आकडा धरून ठेवा, पुढचा आला की बदला. आम्ही याला सॅम्पलिंग म्हणतो आणि ते संगणकामुळे आलं असं समजून चालतो. इथे ते पितळेत केलेलं आहे, आणि गाडी चालू असताना कान दिला तर टिकटिक ऐकू येते.

गॅरेजमधल्या माणसाला हे जमणार नव्हतं हे उघड होतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “उघडतो दादा, पण लागलं नाही तर मला बोलायचं नाही.” मी न उघडताच परत आणलं आणि घड्याळवाला शोधायला लागलो. नांदेडात जे भेटले ते आता फक्त सेल आणि पट्टे बदलतात. शेवटी लातूरला गंजगोलाईच्या एका गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक चाचा सापडले. गंजगोलाई १९१७ची, मधे गोल आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. पत्ता विचारत गेलं की हमखास चुकीच्या रस्त्याने बाहेर पडायला होतं. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मीटरचं कडं आट्यांवरून सोडवलं (गंजलेलं होतं, दोन दिवस तेलात ठेवावं लागलं), आत बघितलं आणि म्हणाले, “ये तो घडीच है जी. किसने बोला मोटर का सामान?”

बिघाड मोठा नव्हता. तेल सुकून त्याचा डिंक झालेला, हेअरस्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटलेले, एका पिव्होटवर गंज. चाचांनी सगळं सोडवलं, पेट्रोलमध्ये धुतलं आणि घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने, थेंबाच्याही अंशाने दिलं. स्प्रिंग सरळ करायला त्यांना अर्धा दिवस लागला. मला बोलू दिलं नाही. तपासायला मी स्क्रूड्रायव्हरची मोटर घेऊन गेलो होतो, ती ठरावीक फेऱ्यांवर फिरवली तर काटा तिसावर येऊन उभा राहिला. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. टिकटिक ऐकून त्यांना आधीच कळलं होतं.

डायलचा प्रश्न वेगळा होता. काळ्या डायलवरचे आकडे तपकिरी पडलेले, काही ठिकाणी मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला. अंधारात चमकणारा हा मुलामा त्या काळी रेडियमचा असायचा. रेडियमचा क्षार आणि झिंक सल्फाइड मिसळून तो करत. अमेरिकेत असे डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठात धरत. त्यातल्या कितीतरी जणी जबड्याची हाडं झिजून मेल्या, आणि विसाच्या दशकात त्यांनी भरलेले खटले कामगार कायद्याच्या इतिहासात मोठे मानले जातात. झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं, म्हणून चमक जाते. रेडियम थकत नाही, ते अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. म्हणून जुन्या मीटरचा डायल आकर्षक दिसावा म्हणून कधी खरवडू नये, फुंकर मारू नये. आम्ही हातमोजे घातले, सुटलेले पापुद्रे ओल्या कापसाने उचलून डबीत बंद केले आणि बाकीचं जसंच्या तसं काचेखाली ठेवलं.

गंमत म्हणजे नवा डायल छापून घ्यायचा सल्ला मला ज्याने दिला त्याच्या दुकानावर ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी आहे. मराठवाड्यात गाडीवरच्या कुठल्याही स्टिकरला रेडियमच म्हणतात. नंबरप्लेटचं रेडियम, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’चं रेडियम. त्या चकचकीत प्लास्टिकमध्ये रेडियम औषधालाही नसतं. खरं रेडियम असेल-नसेल तो डायल काढून टाका आणि त्याजागी आमचं रेडियम लावा, असा तो सल्ला होता. त्याने कॉम्प्युटरवर किलोमीटरचे आकडे टाकून नमुनाही दाखवला. चांगला होता. मी नाही म्हटलं.

कारण आजोबांची वही. प्रवासभत्त्याच्या बिलासाठी ते प्रत्येक फेरीचा मीटरचा आकडा लिहून ठेवत, निघताना आणि परतल्यावर. शेजारी मैलांचे किलोमीटर, पाचाला आठ या हिशेबाने. खरा मैल १.६०९ किलोमीटरचा, त्यांचा १.६चा. म्हणजे दर हजार मैलांमागे त्यांनी सरकारकडून सव्वानऊ किलोमीटरचा भत्ता कमी घेतला. वहीत नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर पुन्हा पुन्हा येतात. लातूर १९८२पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं हे वहीतल्या बिलांवरून कळतं. मीटर पाच आकड्यांचं, नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर ते शून्यावर येतं. तसं ते एकदा आलं आणि त्या ओळीखाली त्यांनी लाल शाईने रेघ मारली आहे. बाकी एक अक्षर नाही.

वहीची शेवटची पानं १९९३ची. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र सरलेली, माणसं दमून झोपलेली, डोक्यावर दगडमातीची जड घरं. आठ-दहा हजार माणसं गेली. आजोबांच्या निवृत्तीला तेव्हा थोडे आठवडे उरले होते, नेमणूक लातूरला. वहीत त्या दिवसापासून रोज एकच ओळ आहे: लातूर, औसा, लामजना, किल्लारी, ५४ मैल येऊन-जाऊन, ८६.४ किलोमीटर. कधी सास्तूर. पाच दिवसांनंतर आकडा ७१८४६ आणि पुढे ‘केबल तुटली’. त्यानंतर नोंद नाही. गाडी पुढेही काही वर्षं चालली, पण केबल त्यांनी बसवली नाही. निवृत्तीनंतर बिल कुणाला द्यायचं होतं, असं वडील म्हणतात. आजी काही म्हणत नाही.

भूकंपानंतर पन्नासहून जास्त गावं उचलून दुसरीकडे वसवली गेली. नवं किल्लारी जुन्या किल्लारीच्या जागेवर नाही. वहीतली कितीतरी अंतरं अशी आहेत की त्यांच्या टोकाला आता गाव नाही. नकाशाच्या कुठल्याही अ‍ॅपला ती विचारता येत नाहीत. ती मोजणारं उपकरण एकच होतं, आणि त्यावर शेवटचा आकडा उभा होता.

म्हणून ज्याने त्याने “झीरो करून देऊ का?” असं विचारलं तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. सेकंडहँडच्या धंद्यात मीटर मागे फिरवणं हे हात धुण्याइतकं सोपं आहे. दुरुस्तीच्या धंद्यात शून्यावर आणणं तर प्रतिष्ठेचं मानतात, गाडी नव्याने जन्मली म्हणून. मला ते कागद जाळण्यासारखं वाटतं. अवघड प्रश्न दुसराच होता. मीटर दुरुस्त झालं की ७१८४६ पहिल्याच मैलाला जाणार. केबल न जोडता ठेवलं तर आकडा राहतो, पण मग चाचांचा अर्धा दिवस कशासाठी? आठवडाभर मी केबल जोडली नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, “त्यांनी कधी आकडा थांबवून ठेवला व्हता का रं? लिहून ठेव अन् जोड.” मी वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून, आजची तारीख आणि तोच आकडा लिहिला आणि केबल जोडली. आता तिथे ७२ हजारांच्या पुढे आहे.

राहिलंय ते अँपिअर मीटर. बुलेटवर हे छोटं मीटर शोभेचं नाही. चावी लावून किक हळूहळू दाबत नेली की काटा वजाकडे कलतो, आणि पिस्टन दाबाच्या टोकाला आला की पॉइंट उघडतात आणि काटा मधे येतो. तिथे थांबून डिकॉम्प्रेसरचा खटका ओढायचा, किक किंचित पुढे सरकवायची, मग पूर्ण ताकदीने मारायची. हे न बघता किक मारणाऱ्याचा पाय बुलेट परत फेकते. आमच्या मीटरचा काटा मधोमध उभाच राहत नाही, तरंगतो. आत वायंडिंग नाहीच, एक पितळी पट्टी, लोखंडाचा तुकडा आणि चुंबक. चुंबक क्षीण झाला असावा. चाचांनी हात लावायला नकार दिला, यात घड्याळ नाही म्हणून. लातूरच्या एमआयडीसीत मोटारी रिवाइंड करणारा एक जण आहे, तो म्हणालाय की चुंबक भरून देतो, पण पोळ्यानंतर.