घरगुती पवनचक्कीचे शक्तिमापन

घरगुती पवनचक्कीचे शक्तिमापन म्हणजे स्थानिक पातळीवर बनविलेल्या लहान पवनजनित्रापासून प्रत्यक्षात किती विद्युत शक्ती मिळते, हे अल्प खर्चाच्या साधनांनी ठरविण्याची पद्धत होय. जनित्रावर नोंदविलेली क्षमता आणि वर्षभर मिळणारी वीज यांत मोठी तफावत असू शकते. म्हणून बॅटरी, मनोरा व तारा यांवर खर्च करण्यापूर्वी असे मापन उपयुक्त ठरते.

तत्त्व

एकदिश धारेच्या मंडलात शक्ती (वॅट) = व्होल्टेज × धारा (अँपिअर). लहान पवनजनित्रे बहुधा त्रिकला प्रत्यावर्ती वीज निर्माण करतात. ती डायोडच्या एकदिशकारकातून बॅटरीकडे जाते. मापन एकदिशकारकानंतर केल्यास साधा मल्टिमीटर पुरतो, तसेच डायोडांतील व्ययही आपोआप वगळला जातो.

साधने व कृती

साध्या मल्टिमीटरमधून बहुधा १० अँपिअरपर्यंतच धारा मोजता येते. त्याहून मोठ्या धारेसाठी बॅटरीच्या ऋण तारेत शंट, म्हणजे अल्प व ज्ञात रोधाची पट्टी, जोडतात आणि तिच्या टोकांमधील मिलिव्होल्ट मोजतात. ५० अँपिअर–७५ मिलिव्होल्टच्या शंटवर १ अँपिअरला १.५ मिलिव्होल्ट दिसतात. उदाहरणार्थ, १२ मिलिव्होल्ट म्हणजे ८ अँपिअर. बॅटरीचे व्होल्टेज १३.२ असल्यास शक्ती सुमारे १०६ वॅट होते.

वाऱ्याशी ताळा

वाऱ्यातील शक्ती = ½ × हवेची घनता × पात्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ × वेग³. पुणे परिसराची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तेथे हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरता येते. २ मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा आल्यास त्यात सुमारे ३७३ वॅट शक्ती असते. बेट्झ मर्यादेनुसार तिचा जास्तीत जास्त ५९.३ टक्के, म्हणजे सुमारे २२१ वॅट, भाग मिळविता येतो. वरील १०६ वॅट म्हणजे सुमारे २८ टक्के. मापनात २२१ वॅटपेक्षा अधिक आकडा आल्यास वायुवेग किंवा विद्युत मापन चुकलेले असते.

त्रुटी

शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असल्याने वेगातील १० टक्के चूक शक्तीत सुमारे ३३ टक्के होते. वायुवेगमापक जमिनीजवळ ठेवल्यास वेग कमी दिसतो व चक्कीची कार्यक्षमता फुगलेली भासते. तो चक्राच्या उंचीवर, पात्यांच्या प्रवाहाबाहेर बसवावा लागतो. सरासरी वेगही फसवा ठरू शकतो. वारा अर्धा वेळ ४ व अर्धा वेळ ८ मीटर वेगाने वाहिल्यास सरासरी ६ असते, परंतु त्यातील सरासरी शक्ती स्थिर ६ मीटरच्या वाऱ्यापेक्षा एक-तृतीयांशाने अधिक भरते. त्यामुळे एकाच क्षणाच्या वाचनाऐवजी एक मिनिटाच्या सरासऱ्या वेगानुसार गटांत मांडतात.

मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीसारख्या सह्याद्रीलगतच्या गावांत पावसाळ्यात पश्चिमेकडील वारे जोरदार असतात, तर डोंगरांमुळे प्रवाहात भोवरे निर्माण होतात. म्हणून केवळ जुलैतील नोंदींवरून वर्षभराची वीज ठरविणे चुकीचे ठरते.

सुरक्षितता

चक्की फिरत असताना बॅटरी किंवा शंट वेगळा करू नये. भार निघाल्यास चक्र अनियंत्रित वेग घेते व व्होल्टेज वाढते. जोडणी बदलण्यापूर्वी, वारा मंद असताना, जनित्राच्या तिन्ही तारा एकत्र जोडून चक्र थांबवितात.