मोठा मासा, पारा आणि पोटातलं बाळ



मागच्या महिन्यात आम्ही किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला आणि गोष्ट माशांवर गेली. एका मावशींची सून सहा महिन्यांची गरोदर. मावशींनी आधीच ठरवून ठेवलेलं, बाळंतपण झालं की दूध यायला मुशीचं कालवण करायचं. सून हळूच म्हणाली, "दवाखान्यात सांगितलंय, मोठे मासे खाऊ नको, त्यात पारा असतो." मावशी म्हणाल्या, "एवढ्या समुद्रात पारा टाकायला कोण गेलंय?"

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला जुन्या गोष्टी उकराव्या लागल्या. त्याच आज सांगतो.

पहिली गोष्ट जपानमधल्या मिनामाता गावची. तिथं चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२ सालापासून तो ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवत होता, आणि त्यात वापरलेला पारा सांडपाण्याबरोबर खाडीत जात होता. हा पारा थर्मामीटरमधल्या चकचकीत पाऱ्यासारखा नव्हता. तो मिथाइल पारा, म्हणजे अंगात मुरणारा, मेंदूत जाणारा. १९५० च्या सुमारास गावातली मांजरं वेडीवाकडी नाचू लागली, पाण्यात पडून मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हात थरथरायचे, जीभ अडखळायची, दिसेनासं व्हायचं. १ मे १९५६ ला या आजाराची सरकारदरबारी पहिली नोंद झाली. सगळी घरं कोळ्यांची, रोज खाडीतलाच मासा खाणारी.

त्याच गावात काही बाळं जन्मापासूनच आजारी होती. मान धरत नव्हती, बोलत नव्हती. त्यांनी तर मासा तोंडात घातलेला नव्हता. डॉक्टर म्हणत, हा वेगळा आजार आहे, कारण आईच्या अंगातलं विष वार अडवते, बाळापर्यंत पोचू देत नाही. तेव्हा वैद्यकाच्या पुस्तकात तसंच शिकवत होते. १९६१ च्या सुमारास हारादा मासाझुमी नावाचे तरुण डॉक्टर गावात फिरत होते. एका अंगणात त्यांना दोन आजारी भाऊ दिसले. आईनं सांगितलं, थोरल्याला माशाचा आजार, धाकट्याला मात्र तो नाही असं डॉक्टर म्हणतात, कारण त्यानं मासा खाल्लेला नाही. पण मासा मी खाल्ला होता, तेव्हा हा पोटात होता. आजार तोच आहे.

पुस्तकापेक्षा ती बाई बरोबर निघाली. १९६२ साली सरकारी समितीनं मान्य केलं की पोटातल्या बाळांना आईच्या अंगातून विषबाधा झाली. आपल्याकडे नाळ पुरतात, काही घरांत वाळवून जपतातही. जपानी घरांतही बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी डबीत ठेवायची रीत आहे. हारादांनी घरोघरी फिरून या डब्या गोळा केल्या. नाळा तपासल्या तर त्यांत मिथाइल पारा सापडला. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या नाळेनं साक्ष दिली. एक आई आपल्या लेकीला घरातलं रत्न म्हणायची. पोरीनं माझं विष स्वतःवर घेतलं, म्हणून मी आणि मागची भावंडं धडधाकट राहिलो, असं तिचं म्हणणं होतं. हे वाचताना आम्हाला पुढचं पान उलटवेना.

आता मावशींचा प्रश्न. मिनामातात एक नळ होता. १९६८ साली ती प्रक्रिया बंद झाली आणि नवं विष थांबलं. खोल समुद्रात असा नळ कुठं आहे?

डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेत ब्रूस मॅकडफी नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी बाजारातला डबाबंद ट्यूना तपासला. ट्यूना म्हणजे आपला कुपा, गेदर यांच्याच कुळातला, दूर समुद्रात धरलेला. तिथल्या सरकारची मर्यादा एका किलोत अर्धा मिलिग्रॅम पारा, अशी होती. त्या डब्यात तीन चतुर्थांश निघाला. कारखान्याजवळच्या तळ्यातल्या माशात पारा सापडला असता तर लोकांना नवल नव्हतं. पण महासागरातला मासा? सुमारे दहा लाख डबे दुकानांतून परत घेतले गेले. पुढच्या मे महिन्यात स्वॉर्डफिशची पाळी आली. हा तलवारीसारख्या लांब तोंडाचा मोठा मासा. आठशेहून जास्त नमुने तपासले, त्यांत वीसातला जेमतेम एक मर्यादेत बसला. सरकारनं लोकांना तो खाऊच नका म्हणून सांगितलं.

मग एक गमतीची गोष्ट झाली. १९७२ साली काही शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या बरण्यांमधले मासे काढून तपासले. ट्यूना १८७८ ते १९०९ मधले, स्वॉर्डफिश पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यांतही जवळजवळ तेवढाच पारा! मासे विकणारे खूश झाले. म्हणाले, हा तर निसर्गाचाच पारा, आजोबांच्या काळापासून आहे. कोर्टकचेरी झाली आणि १९७९ मध्ये मर्यादा अर्ध्यावरून एक मिलिग्रॅम झाली.

आम्हाला विचाराल तर, निसर्गाचा आहे म्हणून तो निरुपद्रवी कसा होईल? नागाचं विषही निसर्गाचंच. आणि सगळा पारा निसर्गाचा नाहीच. ज्वालामुखीतून थोडा येतो हे खरं. पण दगडी कोळसा जाळला की धुरातून पारा उडतो. सोनं काढणारे छोटे खाणकामगार मातीत पारा कालवतात आणि तापवून उडवून लावतात, आज सगळ्यात जास्त पारा त्यातूनच हवेत जातो. हवेतला पारा पावसाबरोबर समुद्रात उतरतो. कारखानदारी सुरू होण्याआधी महासागराच्या वरच्या पाण्यात जितका पारा होता, त्याच्या सुमारे तिप्पट आज आहे. तेव्हा मावशी, टाकायला कुणी होडी घेऊन गेलं नाही, तो धुराबरोबर गेला.

पाण्यातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या किड्यात, किडे खाणाऱ्या तारलीत, तारली खाणाऱ्या गेदरीत, आणि वरती मोठ्या मोरीत. दर पायरीला साठा वाढतो, कारण खाल्लेला पारा लवकर बाहेर पडत नाही. मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका पारा जास्त. तो मांसातच चिकटलेला असतो. उकळून, तळून, खारवून, वाळवून जात नाही. चिंच-कोकम घालूनही नाही.

आता ज्या गोष्टीनं आम्ही बैठकीतून परतल्यावरही बोलत राहिलो ती सांगतो. सत्तरच्या दशकातल्या मर्यादा ठरवताना कुणाचं शरीर समोर धरलं होतं? मोठ्या माणसाचं. जपानमधल्याच निगाता इथं मोठ्या माणसांच्या हातापायांना मुंग्या कधी येऊ लागल्या, यावरून हिशेब केला होता. मिनामाताच्या नाळा तेव्हा डबीतून बाहेर आलेल्या होत्या, पण त्यांचा हिशेब लागला नाही.

तो लागायला आणखी बाळंतिणी लागल्या. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या नाळेतलं रक्त तपासलं. तिथले लोक पायलट व्हेल नावाच्या देवमाशाचं मांस खातात. मुलं सात वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या नाळेत पारा जास्त होता, ती स्मरणात, लक्षात, शब्दांत थोडी मागे पडलेली दिसली. आजारी नव्हती, शाळेत जात होती, आईला वेगळं काही जाणवलंही नसतं.

आपल्याच हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मात्र वेगळं दिसलं. तिथल्या बाया आठवड्यात दहा-बारा वेळा समुद्रातला मासा खातात. १९८९-९० मधल्या ७७९ आया आणि बाळं निवडली, आईच्या केसांवरून पारा मोजला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांब केसात गरोदरपणाचे सगळे महिने ओळीनं लिहिलेले असतात. मुलं साडेपाच वर्षांची झाली तरी त्यांच्यात नुकसान सापडलं नाही. माशातल्या चांगल्या गोष्टींनी, मेंदूला लागणाऱ्या चरबीनं बाळांना हात दिला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात.

म्हणून मासा सोडा असं म्हणणारं कुणी भेटलं तर ऐकू नका. गरिबाच्या ताटातला तोच तर कस आहे. २००१ साली अमेरिकी सरकारनं गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नावं घेऊन सांगितलं, चार मासे खाऊ नका: शार्क म्हणजे मोरी-मुशी, स्वॉर्डफिश, टाइलफिश आणि किंग मॅकरेल. हा शेवटचा आपल्या सुरमईचा चुलतभाऊ. ट्यूनाचा डबा परत घेतल्यापासून हे इतकं सरळ सांगायला तीस वर्षं गेली. पुढं २०१३ साली जगातल्या देशांनी पारा कमी करण्याचा करार केला, त्याला नाव दिलं मिनामाताचं. भारतानं २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

अंगात गेलेला पारा निम्मा व्हायला दोनेक महिने लागतात. म्हणजे दिवस राहायच्या आधीपासूनच ताटाकडे बघायला हवं, सातव्या महिन्यात नव्हे. तारली, मांदेली, बांगडा, बोंबील, कोलंबी हे लहान आणि थोडंच जगणारे जीव, त्यांत पारा कमी. मुशीचं पिल्लू असेल तर मोठ्या मोरीपेक्षा त्यात कमीच, पण ओळखायचं कसं, तुकडे करूनच तर विकायला येतात.

हे सगळं आम्ही मावशींना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "मुशीचा मसाला तसाच ठेवते. आत मांदेली घालू, काटा काढून देईन मी."