जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कन मठ

फ्रान्सिस्कन यती १५१७ साली गोव्यात आले. त्यांच्या मठाचे आजचे चर्च १६६१ सालचे. मात्र जुन्या वास्तूचे मॅन्युएल शैलीचे प्रवेशद्वार त्यात जपले आहे. साध्या दर्शनी भागाचे तेच भूषण होय. आत भित्तिचित्रांतील लतापल्लव, संत फ्रान्सिसच्या चरित्राचे चित्रित काष्ठफलक आणि सोनेरी वेदी डोळे दिपवितात. त्याच वेदीवर दारिद्र्य, विनम्रता व आज्ञापालन ही संताची व्रते लिहिलेली आहेत! ही विसंगती आम्हांस विचारात पाडते. याच संघाच्या हाती असलेल्या बारदेशात देवळे पडली, हेही विसरवत नाही. मठाच्या दालनांत १९६४ साली पुरातत्त्व-संग्रहालय स्थापन झाले आणि येथील जुन्या मूर्ती व वीरगळ तेथे आले. जित व जेते एका छपराखाली आले आहेत. अभ्यासकाने दोघांचीही साक्ष घ्यावी, असे आम्हांस वाटते.