मुंबईचा प्लेग आणि तीन आकड्यांचे समीकरण

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. या एकतीस आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने किती माणसे दगावली, याची आठवडावार नोंद झाली. आरंभी मूठभर मृत्यू, एप्रिलच्या मध्यास आठवड्याला नऊशेच्या घरात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा उतार. साथींच्या गणितावरील अनेक पाठ्यपुस्तकांत आजही हे आकडे आलेखाच्या रूपाने भेटतात.

त्यांना तेथे नेले ते एडिंबरा येथील दोघांनी. विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली होती. अँडरसन मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोघांचा निबंध आला. लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले, अशी लोकसंख्येची विभागणी करून त्यांनी साथीच्या गतीची समीकरणे मांडली. काही गृहीतके धरून ती सोपी केली, की घंटेच्या आकाराचा एक वक्र मिळतो.

मुंबईच्या आकड्यांवर तो बसवण्यासाठी तीनच संख्या पुरल्या: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिली शिखराची उंची सांगते, दुसरी चढउताराची गती. तिसरीला दुसरीने भागले की १७ येतात. म्हणजे सतरा आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यास शिखर. वक्र आणि नोंदलेले मृत्यू डोळ्यांना सुखावतील इतके जुळतात.

हे जुळवणे आज संगणक निमिषार्धात करतो. वापरणारा समीकरणाचा साचा देतो आणि स्थिरांकांचा अंदाज सांगतो. प्रोग्राम प्रत्येक आठवड्याची चूक मोजतो, तिचा वर्ग करतो आणि या वर्गांची बेरीज कमीत कमी होईपर्यंत स्थिरांक हलवत राहतो. चुकांच्या वर्गांची ही कल्पना लजांद्र यांनी १८०५ मध्येच छापली होती. वक्राकार सूत्रांसाठी प्रचलित झालेली रीत लेव्हनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांच्या नावाने ओळखली जाते. २००९ मध्ये तर कॉर्नेल विद्यापीठातील मायकल श्मिट आणि हॉड लिप्सन यांनी साचाही स्वतःच शोधणारा प्रोग्राम जाहीर केला. दुहेरी लंबकाच्या हालचालींच्या नोंदींतून त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेचे सूत्र हुडकून काढले.

लंबकाला मात्र पिसवा नसतात.

मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग होता. पिसवांमार्फत तो माणसांत येई. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांना हे पुरते ठाऊक होते. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया आहे, सर्व उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, पिसवा इतक्या विपुल आहेत की रोग जणू थेट संसर्गानेच पसरतो, असे त्यांनी धरून चालले होते. यातले काहीच काटेकोरपणे खरे नाही, त्यामुळे स्थिरांकांवरून प्रत्यक्षातल्या मूल्यांचे निष्कर्ष काढू नयेत, असेही त्यांनी आलेखासोबत स्पष्ट लिहून ठेवले. शास्त्रीय लेखनात असा प्रामाणिकपणा विरळाच. पुढील पिढ्यांनी आलेख उचलला. इशारा बहुधा मूळ निबंधातच राहिला.

२०१२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी हा जुना आलेख पुन्हा तपासला आणि त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांचे आकडेही शेजारी मांडले. तेव्हा दिसले की प्लेग मुंबईत वर्षामागून वर्षे साधारण त्याच ऋतूत उसळत आणि ओसरत होता. उष्णता आणि हवेतील ओलावा यांचा पिसवांवर परिणाम होतो. त्यामुळे ऋतुचक्र समीकरणात घेणे भाग होते. १९२७ च्या सूत्रात ऋतूला जागा नाही. त्यात साथ उतरते ती एकाच कारणाने: लागण होऊ शकणारे कमी उरले म्हणून.

एकतीस आठवड्यांच्या त्या रकान्यात उन्हाळा एकदाच येतो. साथ बळी पडणारे घटल्याने ओसरली की हवा पालटल्याने, हे तेवढ्या आकड्यांवरून कोणत्याही प्रोग्रामला ठरवता येत नाही. दोन्ही साच्यांत वक्र सारखाच सुबक बसतो.